वाढत्या अंगाचा सदरा

डोळे मिटा बरं जरा. आता असं एक गाव डोळ्यांसमोर आणा, जिथं श्रावणात कपडे वाळतच नाहीत. दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशी काढायला जावं, तर तो आदल्या दिवसापेक्षा ओला. ढग एका खिडकीतून वर्गात शिरतो, बाकांमधून फिरतो, फळ्यावरची अक्षरं पुसट करतो आणि दुसऱ्या खिडकीतून निघून जातो. वह्यांची पानं मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही, आणि कुणाच्या पायात कोरडे मोजे दिसले की बाकीच्या मुली नुसत्या बघत राहतात.

दिसलं गाव? तेच आमचं पांढरघाट. आता तिथं चौदा ऑगस्टची दुपार आणा. शाळेच्या मैदानात चिखल, आणि चिखलात पांढऱ्या सदऱ्यातल्या मुलींची लेझमीची रांग. सगळ्यात पुढं उभी आहे ती मालन. सहावीतली, किडकिडीत, आणि त्या क्षणी रडवेली.

कारण हेडसरांची शिट्टी वाजली होती.

"थांबा! मालन, पुन्हा?"

"सर, बाही खाली येती."

"मग दुमड की."

"दुमडली तरी येती."

खोटं नव्हतं ते. सदऱ्याचे खांदे तिच्या दंडावर उतरले होते, बाह्या बोटांच्या पुढं लोंबत होत्या, आणि लेझीम उडवली की तिच्या साखळीतल्या चकत्या बाहीत हटकून अडकायच्या. त्या सदऱ्यात आणखी एक मालन सहज मावली असती.

इंगवले सर आमचे हेडमास्तर. पावसात बिनछत्रीचे उभे होते. डोक्यावर खादीची नवी कोरी टोपी. दर पंधरा ऑगस्टला ते नवी टोपी घालायचे, आणि ती आदल्या दिवशीच्या तालमीलाच डोक्यावर चढायची. डोक्याला सवय व्हायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

"हे बघ, पुढचीची लेझीम अडकली की सगळी रांग कोलमडते," सर म्हणाले. "उद्या सकाळी झेंड्याआधी एकदा करून बघू. अडकली, तर तू मागं आणि विमल पुढं. चालेल?"

"व्हय सर," मालन म्हणाली, आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी तिथं विज्ञान शिकवायचे आणि मुलींचं वसतिगृहही सांभाळायचे. त्यामुळं ती माझ्याकडं का बघतेय ते मला ठाऊक होतं. उद्या तिची आई येणार होती. दरीपलीकडच्या वाडीत राहणारी, लोकांचे कपडे शिवणारी हिराबाई. जूनमध्ये लेकीला वसतिगृहात सोडून गेली, मधल्या ओढ्याला पाणी आलं आणि येणं राहिलंच. आता "झेंड्याला येते" असा तिचा निरोप आला होता. मालननं तो सगळ्या वसतिगृहाला ऐकवला होता, स्वयंपाकघरातल्या मांजरीसकट.

"सुई-दोरा आणू का गं?" मी हळूच विचारलं.

"नको बाई. आईनं सांगितलंय, सदऱ्याला हात लावायचा न्हाई. वाढत्या अंगाचा हाय. धाव्वीपतुर घालायचाय."

आईनं सांगितलंय म्हटल्यावर मी सुईचा विषय सोडला.

तालीम संपली तेव्हा रांगेतला एकही सदरा पांढरा राहिला नव्हता. मुलींनी ते धुतले, पिळले. पण वाळवायचे कुठं? आमच्याकडं एक जुनी रीत होती. शेगडीत निखारे घालायचे, वर बांबूचं डालगं पालथं टाकायचं आणि त्यावर कपडे पसरायचे. गेल्या वर्षी तसंच केलं, तर सदऱ्यांना धुराचा असा वास लागला की पाहुण्यांनी भाषणातच विचारलं, मुली थेट चुलीपुढून आल्या का? हेडसर ते वर्षभर विसरले नव्हते.

"हमीदभाईंकडं मशीन आलंय म्हणे," विमल म्हणाली. "चादरी वाळवायचं. गरगर फिरतंय."

निघालो मग बादल्या घेऊन. वाटेत हेडसरांनी हाक मारली आणि डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. ती भिजून डोसा झाली होती.

"बाई, एवढीही घ्या. उद्याची आहे."

हमीदभाई मुजावरांचं लॉज शाळेच्या मागच्या चढावर होतं. पावसाळ्यात धबधबे बघायला माणसं यायची आणि चादरी भिजवून जायची. आम्ही पायऱ्या चढतो तोच व्हरांड्यातून एक करडू उड्या मारत पुढं आलं. त्याच्या अंगात चक्क लाल स्वेटर होता, बाह्यांसकट.

मुली हसून हसून पायरीवरच बसल्या.

"हसा, हसा," हमीदभाई म्हणाले. "ती माझी जर्सी आहे. आमच्या बेगमनं दोन थंड्या खपून विणलेली. मशीन आलं त्या दिवशी मीच घातली आत. बाहेर आली ती ही एवढी!" त्यांनी हातानं दाखवलं. "आता रेश्मा घालते."

रेश्मा 'बें' करून ओरडली.

"आणि तुमच्या बेगम काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"त्या अजून काही म्हणालेल्या नाहीत, बाई. तीच तर काळजी आहे."

मालन हसत नव्हती. ती करडाजवळ उकिडवी बसून स्वेटरची बाही वितीनं मोजत होती.

"चाचा, खरंच तुमची व्हती ही? तुमच्या मापाची?"

"तुझ्या चाचाच्या या पोटाची शपथ!"

मालननं हमीदभाईंच्या पोटाकडं पाहिलं, मग करडाकडं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. जर्सीची गंमत वाटली असेल, असं मला वाटलं.

मशीन आतल्या खोलीत होतं. पुढं गोल काचेचं दार, आत मोठं पिंप आणि बाजूला फिरवायचं एक बटण. बटणाभोवतीचं इंग्रजी कुणाला कळत नव्हतं म्हणून हमीदभाईंनी ऑइल पेंटनं तिथं चित्रं काढली होती. मंद आचेला पणती, मधल्या आचेला चूल आणि सगळ्यात कडक आचेला होळी.

"जर्सी कशावर ठेवली होती?" मी विचारलं.

"होळीवर," हमीदभाई म्हणाले. "म्हटलं, लवकर वाळेल."

आता समोर नवीन यंत्र आणि भोवती मुली, म्हटल्यावर माझ्यातली शिक्षिका कुठली गप्प बसते! मी एक ओला सदरा उचलला.

"सांगा बरं, कापड आटतं म्हणजे काय होतं? त्यातलं काही हरवतं का?"

"पाणी हरवतं," विमल म्हणाली. "बासुंदी आटती तसं."

"पाणी जातंच. पण हाच सदरा कोरडा असतानाही मोठाच होता की. मग आटला तर तो मोठेपणा जातो कुठं?"

मुली सदऱ्याकडं निरखून बघू लागल्या.

"बरं, उभ्या राहा सगळ्या. सावधान!"

सगळ्या ताठ झाल्या. हमीदभाईसुद्धा.

"मागावर कापड विणतात ना, तेव्हा प्रत्येक धागा असा ताणून धरलेला असतो. सावधान! तो तसाच कापडात अडकतो आणि दुकानात येतो. बिचाऱ्याला सैल व्हायचं असतं, पण कुणी हुकूमच देत नाही. मग एक दिवस त्याला पाणी मिळतं, ऊब मिळते, वरून गरगर फिरून धक्के बसतात. की झालं. विश्राम!"

मुली सैल पडल्या. एक-दोघी तर खालीच बसल्या.

"बघा. मुली तेवढ्याच आहेत, एकही हरवली नाही. पण रांगेची उंची कमी झाली की नाही? कापडाचं तसंच होतं."

"आणि माझी जर्सी?" हमीदभाईंनी आशेनं विचारलं.

"लोकरीची गोष्ट आणखी वाईट. तिच्या केसाला माशासारखे बारीक खवले असतात. ओल्या उबेत आपटले की ते एकमेकांत अडकतात, ते पुन्हा सुटत नाहीत. लोकर या मशीनमध्ये घालायचीच नाही. सावलीत पसरायची."

"हे बेगमला तुम्ही सांगाल का, बाई?"

मग आम्ही ठरवलं. बटण पणतीवर. पिंपात दाटी करायची नाही, थोडेथोडेच सदरे घालायचे, म्हणजे हवा सगळ्यांना मिळते आणि फार वेळ फिरवावं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे कपडा पार कोरडा होऊ द्यायचा नाही. जरा दमट असतानाच काढायचा, हातानं ओढून सारखा करायचा आणि बाकीचा दोरीवर वाळू द्यायचा.

मालन एकेक गोष्ट नीट ऐकत होती.

"म्हंजे बाई, होळीवर ठेवलं, आणि पार कडकडीत होईस्तोवर काढलंच न्हाई, तर आटतं?"

"हो. म्हणून तसं करायचं नाही."

"आणि एकटाच कपडा आत असला तर त्याला धक्के जास्ती बसत्यात?"

"बसतात. किती छान विचार केलास!" मी बाकीच्या मुलींना म्हटलं, "बघा, प्रश्न असे विचारायचे."

पहिले सदरे पणतीवर फिरले. बाहेर काढले तेव्हा कोमट, दमट आणि मापाला तसेच्या तसे. मुली ते गालाला लावून बसल्या. श्रावणात ऊबदार कपडा हातात येणं ही पांढरघाटात केवढी मोठी चैन! पुढच्या व्हरांड्यात हमीदभाईंनी दोऱ्या बांधल्या. आम्ही सदरे ओढून, झटकून तिथं टाकू लागलो. बेगमनी सगळ्यांना चहा दिला. हमीदभाईंना मात्र कप स्वतः आणावा लागला.

"माझा सदरा मागनं टाकते, सगळ्यात शेवटी," मालन म्हणाली. "तुम्ही च्या प्या, बाई. मला जमतंय आता."

मला तिचं कौतुकच वाटलं.

चहा झाला, गप्पा झाल्या, रेश्माचं विमलची वेणी चघळून झालं. तरी आतली घरघर थांबेना. मी उठून आत गेले.

मालन मशीनपुढं मांडी घालून बसली होती. काचेच्या दारात नाक खुपसून. बटणाचा काटा होळीवर होता.

"मालन!"

ती दचकून उठली. मी बटण बंद केलं, दार उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. सदरा इतका कडक वाळला होता की हातात कुरकुरला. मालननं तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि बाही वितीनं मोजली. पुन्हा मोजली. मग अंगाला लावून बघितला.

खांदे तसेच दंडावर. बाह्या तशाच बोटांच्या पुढं.

"आटला न्हाई," ती म्हणाली. "बाई, हा आटलाच न्हाई!" आणि तिनं भोकाड पसरलं.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आटू नये म्हणून मी जे जे सांगत होते, ते ते ही पोर उलटं करून पाठ करत होती.

"अगं, आटवायला निघाली होतीस तू?"

"मग काय करू? सुई लावायची न्हाई, कातर लावायची न्हाई. मशीन लावू नको असं आईनं कुठं सांगितलंय?" ती हुंदके देत म्हणाली. "उद्या ती ओढा वलांडून येणार, आणि मी मागं. तिला दिसणार पन न्हाई मी."

मी तिला जवळ घेणार तेवढ्यात पिंपाच्या वरच्या बाजूनं काहीतरी टपकन खाली पडलं. पांढरं, टणक, वीतभर लांब.

मालनचं रडणं थांबलं. दोघी वाकून बघू लागलो. मागून हमीदभाई आले, त्यांनी ते चिमटीत उचललं.

"बाई, ही करंजी कुणाची?"

ती हेडसरांची टोपी होती. पहिल्या सदऱ्यांबरोबर पणतीवर फिरली, तेव्हा भिंतीला चिकटून वरच राहिली असणार. आणि मग मालनच्या सदऱ्याबरोबर होळीवर गेली.

हमीदभाईंनी ती स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितली. टाळूवर कावळा बसावा तशी ती बसली. मग त्यांनी विचार करून रेश्माकडं पाहिलं.

"खबरदार!" मी म्हटलं.

"सर आता मला शाळेतनंच काढत्याल," मालन पुटपुटली.

"आधी मला काढतील. चल, बस इथं. एक सांग, टोपी आटली आणि सदरा नाही, असं का झालं?"

कुठल्याही मुलीला रडणं आणि विचार करणं एकाच वेळी जमत नाही, हे मला तोवर कळलं होतं. मालननं नाक पुसलं.

"टोपी कोरी हाय. कधीच धुतली नव्हती. सर दरसाल कोरीच घालत्यात."

"आणि सदऱ्याचं कापड? तेही नवंच की."

"आईनं ते आदी पाण्यात टाकलं हुतं. रातभर. वाळवलं, परत भिजवलं. मगच कातर लावली. ती समद्यांचं तसंच करती."

"म्हणजे धाग्याला आधीच?"

"विश्राम," मालन म्हणाली, आणि हिरमुसली. "आता त्यो काय आटत न्हाई."

"नाही आटायचा. तुझ्या आईनं त्याची सोयच करून ठेवलीय." मी सदरा उलटा केला. आतल्या शिवणी बघितल्या आणि मलाच हसू आलं. "हे काय आहे, मालन?"

शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना बोट-दीड बोट कापड दुमडून ठेवलेलं होतं. खांद्याला, कुशीला, बाहीला. खालच्या पट्टीत तर हातभर.

"माया," ती म्हणाली. शिवणाऱ्या बाईची लेक ती. "आई लई माया सोडती. उसवलं की सदरा मोठा व्हतो."

"हा एवढा मोठा सदरा, आणि आत आणखी माया? कॉलेजात घालणार आहेस का?"

ती पहिल्यांदा हसली.

"आता ऐक. आईनं हात लावू नको म्हटलं, कारण ही माया कापली तर पुन्हा मिळत नाही. आपण कापायचं नाही, उसवायचं नाही. नुसती आणखी थोडी आत घ्यायची. धावदोरा घालून. वाढलीस की एक दोरा ओढायचा, सदरा मोठा. यात आईचा शब्द मोडतो का?"

तिनं शिवण चिमटीत धरून आत दुमडून बघितली.

"दोरा ओढला की समदं पयल्यासारखं?"

"सगळं."

"मग न्हाई मोडत."

बेगमनी सुई-दोरा आणून दिला. टाके मालननंच घातले. मला तर तिच्या निम्म्यानंही सरळ घालता आले नसते. बाहीला एक चुणी, खांद्याला एक, कुशीला एक, सगळ्या आतून. तोवर मी टोपी कोमट पाण्यात भिजत घातली, हळूहळू बोटांनी ताणली आणि हमीदभाईंच्या एका पालथ्या पातेल्यावर चढवून ठेवली.

"धाग्याला पुन्हा सावधान?" मालननं विचारलं.

"थोडं थोडं. ऐकतो का बघू."

सकाळी हेडसरांना सगळं सांगितलं. मालन माझ्या मागं उभी होती. सरांनी टोपी हातात घेतली, फिरवली, डोक्यावर बसवली. बसली, पण जरा वरच, पाहुण्यासारखी.

"कुणी केलं हे?"

"मी, सर," मालन मागूनच म्हणाली.

"सदरा आटवायला गेलीस आणि टोपी आटवलीस?"

"व्हय, सर."

सरांच्या मिशा हलल्या. "आधी लेझीम दाखव. टोपीचं मग बघू."

मालननं लेझीम उडवली. डावीकडं, उजवीकडं, खाली, डोक्यावरून. चकत्या मोकळ्या खणखणल्या. बाही मनगटाच्या पुढं आली नाही.

"पुढंच राहा," सर म्हणाले.

झेंडा वर गेला तेव्हा सरांनी मान उंच केली, तशी टोपी मागं सरकू लागली. उजवा हात सलामीत होता, म्हणून त्यांनी डाव्या हातानं ती पकडून ठेवली. राष्ट्रगीत चालू असेपर्यंत एकही मूल हसलं नाही. संपल्यावर मात्र मैदानाला आवरता आवरलं नाही, आणि सगळ्यात मोठ्यानं सरच हसले.

मग हलगी वाजली आणि मालनची रांग पुढं आली. मी लेझमीकडं कमी आणि कुंपणाकडं जास्त बघत होते. तिथं घोंगडी पांघरलेली, गुडघ्यापर्यंत भिजलेली एक बाई एका हातानं खांब धरून उभी होती. खेळ संपेपर्यंत तिनं पापणी लववली नसावी.

लेझीम खाली टाकून मालन धावत सुटली. कुंपणाशी पोचली आणि एकदम थांबली. हिराबाई लेकीकडं वरपासून खालपर्यंत बघत होती. खांद्यावर बसलेला खांदा, मनगटाशी थांबलेली बाही.

"अगं बया," ती म्हणाली. "सदरा अंगाला आला?"



हिराबाईनं पुढं होऊन तिच्या दंडावरून हात फिरवला. शिवणाऱ्या बाईची बोटं ती. बाहीच्या आतल्या बाजूला, धावदोऱ्यावर येऊन ती थबकली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. बोटं क्षणभर त्या टाक्यांवरून मागं-पुढं फिरली, जणू ते सरळ आहेत का बघत होती. मग तिनं ओल्या पदरानं लेकीच्या कपाळावरचा घाम पुसला.

"जूनपासनं किती वाढलीस गं माझी बाय!"

मालननं हळूच माझ्याकडं पाहिलं. मग आईकडं तोंड केलं, पाठ ताठ केली, आणि चिखलात रुतलेल्या दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभी राहिली.